फाटक माझं, हद्द मामांची

मला आयुष्यात एकाच माणसाने फसवलं आहे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग येऊन दोन हिवाळे झाले, तो अजून उतरलेला नाही, तेव्हा त्याला आता राग न म्हणता माझं ठाम मत म्हणायला हरकत नाही. जतसारख्या कोरड्या तालुक्यातून निघून, दम्मामला लोकांचे एसी दुरुस्त करत करत, कोणाच्या खांद्यावर हात न ठेवता मी तंबू, जनरेटर आणि पाण्याच्या टाक्या भाड्याने देण्याचा धंदा उभा केला. सिरियन लोखंडवाला, येमेनी कापडवाला, पेशावरचा ट्रकवाला, खुद्द माझा कफील, ज्याच्या नावावर कायद्याने हा सगळा धंदा आहे, यांपैकी कोणी मला एका खिळ्यालाही गंडवू शकलेला नाही. मला गंडवलं ते ज्यांच्या सचोटीच्या गोष्टी या वाळवंटातले मेंढपाळसुद्धा सांगतात त्या माणसाने. मुद्दा होता माझ्या आवाराच्या फाटकाचा. ते फाटक गेलं असतं तर मी आज पुन्हा कोणाच्या तरी गच्चीवर एसीत वायू भरत बसलो असतो. पण फाटकाकडे जाण्याआधी मामा कोण, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

आम्ही राहतो ती मुहाफजा, म्हणजे आपल्याकडचा तालुका. फक्त त्यात आपले दोन जिल्हे मावतील आणि माणसं मात्र एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. तालुक्याचं ठिकाण हफ्र अल बातिनपासून गाडीने दीडेक तासावर. एक सरळ डांबरी रस्ता, त्याच्या एका अंगाला मशीद, पेट्रोल पंप, किराण्याची दोन दुकानं आणि बकऱ्यांचा बाजार. दुसऱ्या अंगाला एकाच लांबलचक भिंतीच्या आत मुहाफिजांची, म्हणजे तालुक्याच्या मुख्य साहेबांची कचेरी, बलदिया म्हणजे नगरपालिका, आणि महकमा म्हणजे कोर्ट. त्यापलीकडे जे काही आहे त्याला मी इतकी वर्षं नुसती वाळू समजत होतो. मामांना त्यात गावं, शिवार, ओढे आणि बांध दिसायचे. मामा मूळचे दहिवडीकडचे, भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार. पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका ठेकेदारामार्फत इथल्या बलदियात मोजणीदाराचे मदतनीस म्हणून आले, आणि पहिल्याच दिवशी गावाबाहेरच्या टेकाडावर उभं राहून चहूकडे बघून म्हणाले म्हणे, "हा तर आपला माण तालुका. फक्त बाभळी कोणीतरी उपटून नेल्यात." मुहाफिजांना ते मामलेदारसाहेब म्हणत, त्यांच्या कॉफीच्या बैठकीला चावडी म्हणत. परमुलुखात आलोय असं त्या माणसाला कधी वाटलंच नाही. खात्याने जरा लांब बदली केली आहे, एवढीच त्यांची समजूत.

दम्माम सोडून मी इथे आलो तेव्हा पहिले तीन महिने मामांच्या खोलीत राहिलो. बायकोचा तसा हुकूमच होता, "मामा आहेत तिकडे, वेगळं भाडं कशाला?" मी बॅग ठेवायच्या आत मामांनी खडू आणि टेप काढली, भिंत ते भिंत अंतर घेतलं, निम्म्यावर खूण केली आणि फरशीवर सरळ रेघ ओढली. "जावईबापू, ही तुमची बाजू, ही माझी. गैरसमज नको." मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी डावी चप्पल रेघेच्या पलीकडे चार बोटं गेलेली होती, तर मामा उशाशी बसून चहा पीत होते आणि चप्पल जागच्या जागी होती. "उचललीत का नाही?" मी विचारलं. "अतिक्रमण आहे ते. मूळ जागेवरून हलवलं तर पंचनामा कशाचा करायचा?" मी चप्पल ओढून घेतली. मामांनी समाधानाने मान हलवली आणि माझ्या वाटणीचा चहा अगदी रेघेवर आणून ठेवला. त्यांच्या प्रेमाची पद्धत ही अशी होती: तुमचं तुम्हाला पुरेपूर मिळायचं, पण रेघेपर्यंत.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हा एक वेगळाच छळ. कोणीही नवा माणूस आला, मग तो केरळचा कंपाउंडर असो की ट्रक घेऊन आलेला पठाण, मामा त्याला ताटात मुहाफजा समजावून सांगत. भाताचा ढीग म्हणजे दहनाची लाल वाळू. वरण म्हणजे बातिनचा वाळलेला ओढा, हा असा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे थेट कुवेतच्या हद्दीपर्यंत. पापड म्हणजे दिबदिब्याचं खडीचं सपाट माळरान, लोणच्याच्या फोडी म्हणजे विहिरी. एकदा एका कंपाउंडरने भूक अनावर होऊन लोणच्याची फोड उचलली, तर मामा कळवळून ओरडले, "अहो, ती अख्ख्या वाडीची एकच विहीर!" तो बिचारा फोड परत ठेवू लागला. मी म्हणालो, "खा रे तू, मामा अजून दहा विहिरी खणतील बरणीतून." त्यावर मामा मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तंबू लावता त्या जमिनीचं नाव तरी तुम्हाला माहीत असतं का?" मला माहीत नसायचं. मला फक्त गिऱ्हाईकाचं नाव माहीत असायचं. कंपाउंडरचं वरण तोवर गार होऊन त्यावर साय धरलेली, आणि मामा त्याला सांगत होते की पाऊस झाला तर हाच ओढा दोन दिवस खरोखर वाहतो आणि कडेने फगा उगवतो, ते वाळवंटी अळंबं, ज्याच्यासाठी रियाधची मोठमोठी माणसं गुडघ्यावर रांगतात.

मामांचं चालणं म्हणजे मोजणं. खोली ते बलदिया, बलदिया ते मशिदीचा नाका, नाका ते बकऱ्यांचा बाजार, सगळं पावलांत. ओठ हलत राहायचे. मध्ये कोणी बोललं तर उत्तर नाही, आणि आकडा चुकला तर स्वारी उलट फिरून पहिल्यापासून. एकदा मुहाफिजांची गाडी कचेरीच्या फाटकाशी थांबली आणि साहेब खाली उतरून चालत कोर्टाकडे निघाले, तेवढ्यात मागून पावलं मोजत मामा. साहेबांनी स्वतःहून सलाम केला. मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. अख्ख्या मुहाफजेचा मालक, अंगावर सोनेरी काठाचा झगा, मागे चार शिपाई, आणि दहिवडीचा मोजणीदार त्याला हाताने "जरा थांबा" म्हणतोय. मी पिकअपमधून बघत होतो. मनात त्यांच्या सामानाची बांधाबांधही सुरू केली होती. मामा कोर्टाच्या पायरीला पाय लावून परत आले, वाकून सलामाचं उत्तर दिलं. साहेबांनी विचारलं, "किती?" "चारशे बारा, साहेब. तुमच्या फाटकापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत." "दरवेळी तेवढीच?" "गेल्या वर्षी चारशे नऊ होती," मामा म्हणाले. "रस्ता तेवढाच आहे. पाऊल आखूड झालंय." साहेब खूप वेळ हसले नाहीत, नंतर हसले, आणि त्या दिवसापासून मामा दिसले की मुहाफिजांची गाडी सावकाश जायची, आकडा चुकू नये म्हणून.

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येतो. मामा घासाघीस करत नसत. करत नसत म्हणजे, त्यांना ती येतच नव्हती असं मी समजत होतो, आणि इथेच मी पहिल्यांदा फसलो. बाजारात एक येमेनी कलिंगडं विकायचा. तो जी किंमत सांगे तिच्यात निम्मी किंमत आणि निम्मी आशा असायची. मामा सांगितलेली किंमत काढून हातावर ठेवायचे. तो माणूस हबकायचा. एकदा तर त्याने स्वतःच आणखी एक कलिंगड पिशवीत कोंबलं, कारण त्याला रात्री झोप लागली नसती. मी घरी येऊन कपाळाला हात लावला. "मामा, अहो निम्म्यात देतो तो!" "असेल. पण त्याने सांगितली ती त्याची हद्द. आपण आत कशाला शिरायचं?" "बाजार आहे तो, शेत नाही!" "जावईबापू," कलिंगडाची फोड अगदी रेघेवर ठेवत मामा म्हणाले, "तुम्ही घासाघीस करता ती वस्तूसाठी करत नाही. जिंकायला करता. त्यात वाईट काही नाही. काही माणसांना व्यायाम लागतो." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. आज ते मला पाठ आहे.

आणि कोर्ट! फुरसत मिळाली की मामा कोर्टाच्या पडवीत. कोर्ट म्हणजे काही खांब-घुमटाची इमारत नव्हे. एकमजली, पांढऱ्या रंगाची, आत तीन खोल्या, एका खोलीत काझीसाहेब मेजामागे, समोर दोन खुर्च्या, बाकी सगळे उभे. उंटाने कोणाची गाडी चेपली, कोणाच्या मेंढ्या कोणाच्या कुरणात शिरल्या, विहिरीचा दोर कोणी कापला, असे दावे. मामा दारात उभे राहून ऐकायचे आणि त्यांच्या तोंडावर असं सुख दिसायचं जसं आपल्याला भजी तळताना दिसतं. "बांध इथे दिसत नाही," ते म्हणायचे, "पण भांडण तेच आहे, शब्दाला शब्द." हळूहळू समन्स आलेला प्रत्येक परदेशी आधी मामांकडे यायला लागला. कोणत्या खिडकीशी जायचं, शिक्का कोणाकडे असतो, कारकुनाला दुपारच्या नमाजाआधी गाठायचं की नंतर, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या नकला किती लागतात, हे मामा फुकट सांगायचे. मी एकदा म्हणालो, "निदान चहा तरी घ्या लोकांकडून." तर म्हणाले, "चहा घेतला की सल्ला त्याच्या बाजूने झुकतो."

अशा माणसाला मी माझा माणूस समजलो, ही माझी चूक. झालं ते असं. माझं आवार गावाच्या टोकाला, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. शेजारची जमीन अबू सालेह नावाच्या म्हाताऱ्या बदूची. मेंढ्या, चार उंट, एक काळा लोकरीचा तंबू आणि गुडघ्याएवढी दाढी. मी सिमेंटचे खांब लावून कुंपण घातलं तेव्हा ते रस्त्याच्या बाजूला जरा सरकलं असावं. रस्त्याला लागून फाटक झालं, ट्रक वळायला जागा झाली, धंदा वाढला. चार वर्षांनी अबू सालेहने कोर्टात अर्ज केला की हिंदी माणसाचं फाटक माझ्या जमिनीत आहे. वसंतातल्या तंबूंचा हंगाम महिन्यावर आला होता. फाटक गेलं तर आवाराच्या तिन्ही बाजूंना मऊ वाळू; ट्रक आत येणार कुठून? फोनवर बायकोला सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कुंपण सरकवलं होतंत का?"

"लावताना वारा होता फार."

"वाऱ्याने सिमेंटचे खांब सरकतात?"

मी कार्ड संपल्याचं सांगून फोन ठेवला.

काझीसाहेबांनी बलदियाला मोजणीचा हुकूम दिला. बलदियाचा इजिप्शियन इंजिनियर तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारं नवं यंत्र हाताळण्यात गुंग होता. त्याने मामांना पाठवलं. मी मनातल्या मनात उडी मारली. रियाधहून येणाऱ्या एका डॉक्टरांना सांगून बाजरीचं पीठ मागवलं, मोजणीच्या सकाळी स्वतः भाकरी थापली, वर लसणाची चटणी. मामांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी मागितली, डोळे मिटून म्हणाले, "थेट दहिवडी." मी म्हटलं, झालं काम. मग ते उठले, हात धुतले, ओढ्याकाठच्या जुन्या दगडापासून सुरुवात केली, आणि मला म्हणाले, "जावईबापू, टेपचं टोक धरा जरा." मी धरलं. माझ्याच हाताने टोक धरून मी तासभर उन्हात त्यांच्यापुढे चाललो. शेवटी मामा माझ्या फाटकाच्या आत, माझ्या जनरेटरच्या शेडशेजारी थांबले आणि जमिनीत खुंटी ठोकली. वहीत काहीतरी लिहिलं. "किती आलं?" मी विचारलं. "कोर्टात सांगेन," म्हणाले, आणि पावलं मोजत निघून गेले.

तारखेच्या दिवशी माझा कफील, शाळेत शिकवणारा आळशी तरुण, जांभया देत खुर्चीत बसला होता, कारण कागदावर आवार त्याचं. दुसऱ्या खुर्चीत अबू सालेह. मी भिंतीशी. काझीसाहेबांनी मोजणीचा कागद वाचला आणि मामांकडे बघितलं. "फाटक कोणाच्या जमिनीत?"

"अबू सालेहच्या, शेखसाहेब. सदतीस पावलं आत. टेपने किती ते कागदात आहे."

काझीसाहेबांच्या कानाशी कारकून कुजबुजला. त्यांनी भुवया उंचावल्या. "हा हिंदी तुझा नातेवाईक आहे म्हणतात?"

"माझ्या भाचीचा नवरा."

"तू त्याच्या बाजूने बोलला असतास तर मी हा कागद फाडला असता," काझीसाहेब म्हणाले. "विरुद्ध बोलतोयस. आता मी तुला काय विचारू?"

"काही नाही, शेखसाहेब. टेप त्यानेच धरली होती."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. कफीलची जांभई अर्ध्यात थांबली. निकाल पाच मिनिटांत: पट्टा अबू सालेहचा, कुंपण महिन्याभरात मागे घ्यायचं. खलास.

बाहेर पडवीत मी मामांना गाठलं आणि जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शिपाई बाहेर आले, बकऱ्या विकणारे रस्ता ओलांडून आले. मराठी कोणालाच कळत नव्हती, पण मजकूर सगळ्यांना कळत होता. शेवटी मी म्हणालो, "निदान भाकरी खाताना तरी सांगायचं होतंत!"

"भाकरी फार चांगली झाली होती," मामा हळूच म्हणाले. "चव बिघडली असती."

"माझा धंदा बुडतोय, मामा!"

"हद्द ती हद्द. पटत नसेल तर फेरमोजणीचा अर्ज द्या. मी नमुना लिहून देतो."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बायको फोनवर म्हणाली, "मामांनी मोजलं असेल तर बरोबरच असेल." मी बायकोशीही आठवडाभर बोलणं टाकलं.

पण मी हार मानणारा माणूस नाही. दोन दिवसांनी सकाळी पिकअप घेऊन थेट अबू सालेहच्या तंबूवर गेलो. कोर्टाने जमीन दिली असेल, वापर तर मागता येतो! वेलचीची कॉफी झाली, खजूर झाले, चहा झाला, पुन्हा कॉफी. म्हाताऱ्याने दर हिवाळ्याला तीन मोठे तंबू आणि एक जनरेटर मागितला. मी हसलो, छातीवर हात मारला, देवाची शपथ घेतली, माझ्या मुलांची तोंडं त्याच्यापुढे उभी केली, उठलो, पिकअपपर्यंत गेलो. त्याने हाक मारून परत बोलावलं. दोन तंबूंवर आला. मी पुन्हा उठलो, दार उघडलं, पुन्हा हाक. तिसऱ्यांदा मी गाडीत बसून चावी फिरवली, तेव्हा तो स्वतः उठून, काठी टेकत गाडीपर्यंत आला. "एक तंबू. हिवाळ्यात तू स्वतः येऊन लावायचास. आणि तू या गावात आहेस तोवर फाटक तुझं." मी चेहरा पडलेला ठेवून हात मिळवला आणि रस्त्याच्या वळणावर गेल्यावर पिकअपमध्ये एकट्याने ओरडलो. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण तसा सौदा मी दुसरा केलेला नाही. एका तंबूत अख्खं फाटक!

गावभर सांगत सुटलो. सिरियन लोखंडवाल्याला सांगितलं, येमेन्याला सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं. मामांशी मी पुन्हा बोलायला लागलो ते केवळ हे सांगायला. त्यांच्या खोलीत शिरून, फरशीवर अजून असलेल्या त्या रेघेपलीकडे मुद्दाम एक पाय ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. तीन वेळा उठलो, तो स्वतः गाडीपर्यंत आला, सगळं. मामा मन लावून ऐकत होते. "तिसऱ्यांदा गाडीत बसलात?" त्यांनी मध्येच विचारलं. "चावीसुद्धा फिरवली!" "वा," मामा म्हणाले. "तुमच्यापुढे कोण टिकणार, जावईबापू." आणि माझ्या पायाकडे बघूनही अतिक्रमणाचा विषय काढला नाही. माणूस खजील झालाय, असं मी समजलो. त्यानंतर तीन वर्षं मी ती गोष्ट दर पाहुण्याला मामांच्या देखत सांगितली आणि दर वेळी मामा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत.

मग ठेकेदाराचा करार संपला, उपग्रहाची यंत्रं दोन झाली, आणि मामांचा कायमचा परतीचा शिक्का झाला. निघण्याच्या दिवशी मुहाफिजांच्या फाटकापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत ते शेवटचं चालले. चारशे अडतीस. काझीसाहेब बाहेर येऊन मोजणी संपेपर्यंत उभे होते. दम्मामच्या विमानतळापर्यंत मीच सोडलं. पाच-साडेपाच तास मामा काचेतून बोट दाखवून सांगत होते, हा दिबदिबा संपला, हा सुम्मानचा खडक सुरू झाला, इथे डाव्या हाताला एक आटलेली विहीर आहे. मी एसीचा आवाज वाढवून ऐकत नसल्यासारखं करत होतो. आत जाताना म्हणाले, "फाटकाच्या बिजागरीला तेल घाला. वाळू बसते."

त्याच हिवाळ्यात मी कराराप्रमाणे अबू सालेहचा तंबू लावायला गेलो. दोर ताणून झाले, कॉफी आली, आणि म्हाताऱ्याने विचारलं, "तुझे मामा पोचले का नीट?" मी हो म्हणालो. तो दाढी कुरवाळत हसायला लागला. "आता ते गेले, तर सांगायला हरकत नाही. मला तुझा तंबू नको होता रे." आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातली वाटी गार झाली. कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर मामा चालत त्याच्या तंबूवर आले होते. गावापासून तिथवर चालत! म्हणाले, जमीन तुझी आहे, मी मोजली आहे, त्यावर बोलायचं नाही. आता पाहुणा म्हणून मागतो, त्याचं फाटक राहू दे. अबू सालेह लगेच म्हणाला, राहू दे, त्यात काय. तर मामा म्हणाले, "असं फुकट देऊ नकोस. फुकट मिळालं तर तो रोज उठून संशय घेईल. त्याला भांडू दे. तीनपासून सुरू कर. तो उठून जाईल. दोनदा बसल्या जागेवरून हाक मार. तिसऱ्यांदा गाडीत बसेल, तेव्हा मात्र स्वतः उठून जा. त्याला ते फार आवडेल."

"मी मोजत होतो," अबू सालेह बोटं दाखवत म्हणाला. "एक, दोन, तीन. अगदी त्यांनी सांगितलं तसंच! गुडघे दुखत होते माझे, पण शब्द दिला होता."

"बदल्यात काय दिलं त्यांनी तुला?" माझ्या तोंडून आपोआप निघालं. दुसरं मला काही सुचतच नाही.

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "अकरा वर्षं तो माणूस माझी कॉफी प्याला," तो म्हणाला, "आणि माझी जमीन आहे त्यापेक्षा वीतभरही मोठी आहे, असं त्याने एकदाही मला खूश करायला सांगितलं नाही."

तर ही माझी तक्रार. ज्याला घासाघीस येत नाही असं मी समजत होतो, त्याने माझ्या वतीने, माझ्या नकळत, माझा आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा आधीच करून ठेवला होता आणि मला फक्त व्यायाम दिला होता. तीन वर्षं मी त्यांच्याच तोंडावर त्यांची गोष्ट माझी म्हणून सांगत होतो. आता माझी पंचाईत अशी झाली आहे की कोणताही सौदा पुरा वाटत नाही. गिऱ्हाईक मला परत हाक मारतं, आणि मी मागे वळताना मनात म्हणतो, याला आधी कोणी भेटून गेलंय का? परवा कोर्टाकडे चाललो होतो, येमेन्याने लांबून सलाम केला, आणि मी हात वर करून त्याला थांबवलं. तेव्हा लक्षात आलं की मी पावलं मोजतोय. तीनशे शहाण्णव आली. मामांपेक्षा कमी. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

बायको सांगते, मामा आता दहिवडीला घराबाहेर फारसे पडत नाहीत. पलंगापासून दारापर्यंत जातात आणि येतात, ओठ हलवत. आले तेव्हा अकरा पावलं होती. दिवाळीत पंधरा झाली. परवाच्या फोनला एकोणीस म्हणाली, आणि मी कार्ड खरोखर संपेपर्यंत फोन ठेवला नाही.

मामा, मी सुट्टीवर येतोय. तिकीट काढलंय, आणि ते काढताना मी घासाघीस केलेली नाही, एवढ्यावरून काय ते समजा. फाटकाला तेल घातलं आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: मला जिंकू द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? पलंगावर बसून दिलेलं उत्तर मी घेणार नाही. दारापर्यंत चालत या. पावलं एकोणीस लागोत, नाहीतर पन्नास. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, तुमचं मोजून होईपर्यंत उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्या हद्दीत उभा राहीन. पण मोजून झालं की जाब द्यावाच लागेल.